भविष्य चुकलं तर जात्यावर

घुमटवाडीत तुम्ही कुणालाही सांगून बघा, की दहा वर्षांनी अमुक यंत्र येणार आहे. समोरचा मान डोलावणार नाही आणि हसणारही नाही. तो एवढंच म्हणेल, "गिरणीत जाऊन लिवा."

गिरणी म्हणजे नानासो खबाल्यांची पिठाची गिरणी. आमचं गाव शिराळ्यापासून अर्ध्या तासावर आहे आणि गिरणी मारुतीच्या देवळामागं. आत शिरलं की डाव्या हाताला चक्की, उजवीकडं दळणाच्या डब्यांची रांग आणि समोर ती भिंत. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेली एकेचाळीस भविष्यं आहेत. कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, पाऊसपाणी, निवडणूक असलं काही तिथं चालत नाही. फक्त यंत्रांचं लिहायचं. काय येणार, काय जाणार, कोणत्या साली; आणि खाली सांगणाऱ्याची सही.

मी संयोगिता. गावच्या हायस्कूलला एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते. भिंतीवर माझंही एक भविष्य आहे, त्याचं पुढं सांगते. आधी नानासोकाकांचं.

काका १९७४ साली, एकोणिसाव्या वर्षी, फौजेत गेले. सिग्नलमध्ये. तिथं त्यांना तारेची टकटक शिकवली. एक बारीक टक, एक लांब टक्क, आणि त्यातून अक्षरं. शिकवणारे उस्ताद फार मायाळू होते. ते म्हणायचे, "बेटा, रेडियो मर जायेगा, टेलिफोन मर जायेगा, ये टकटक कभी नहीं मरेगी." काकांनी ते वाक्य देवाच्या प्रसादासारखं घेतलं. जेवताना ताटावर, झोपताना लोखंडी खाटेवर, रेल्वेत शेजाऱ्याच्या ट्रंकेवर त्यांची बोटं चालायची. सगळ्या पलटणीत त्यांच्याइतकं जलद कुणी नव्हतं.

१९९२ साली ते पेन्शनवर आले. शेवटची दोन वर्षं त्यांची ती टकटकीची कळ स्टोअरमध्ये धूळ खात पडली होती. एका तरुण साहेबानं सांगितलं होतं, "हवालदारसाब, अब इसकी जरूरत नहीं."

"मी रडलो न्हाई," काका मला एकदा सांगत होते. "पर त्या उस्तादाला एकदा इचारायचं हुतं, बाबा, तुला ह्ये सांगितलं कुणी? त्यो चांगला मानूस हुता. खोटं बोलनारा न्हवता. त्याला म्हाईत न्हवतं, आन् म्हाईत न्हाई ह्ये बी म्हाईत न्हवतं."

आजही काका चिडले की त्यांचं बोट डब्याच्या पत्र्यावर टकटक करतं. काय टकटक करतात ते गावात कुणालाच कळत नाही. त्यांची बायको राहीबाई म्हणते, शिव्या असतील.

तर पेन्शनवर आल्यावर काकांनी गिरणी टाकली. पहिल्याच वर्षी माधवनगरहून गुंडा मगदूम नावाचा एक विक्रेता मोटारसायकलवर आला. त्याच्याकडं घरघंटीचं रंगीत चित्र होतं. घरात वीज असली की झालं, बाईनं बटण दाबायचं आणि पीठ घ्यायचं. तो गिरणीच्या दारात उभा राहून गिरणीत आलेल्या बायकांनाच ते चित्र दाखवू लागला. वर काकांना म्हणाला, "फौजी, वाईट वाटून घेऊ नका. पाच वर्षांत घरोघरी घरघंटी येतीय. ही गिरणी बंद पडनार."

काकांच्या डोळ्यांपुढं उस्ताद उभे राहिले असणार. त्यांनी शांतपणे विचारलं, "कवा?"

"म्हटलं की, पाच वर्षांत."

"तसं नगो. महिना सांगा."

गुंडाला वाटलं गंमत चालली आहे. तो म्हणाला, "घ्या, अठ्ठ्याण्णवची दिवाळी."

गिरणीच्या दाराला लावून उरलेला निळा रंग कोपऱ्यात होता. काकांनी त्या रंगानं भिंतीवर गुंडाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि त्याच्या हातात ब्रश दिला. "करा सही." गुंडानं हसत हसत सही केली आणि तो निघून गेला.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला चार दिवस राहिले असताना एक जाडसर माणूस पत्र्याचा डबा घेऊन गिरणीत आला. शेजारच्या गावी त्याच्या मेव्हणीचं घर होतं, तिथल्या घरघंटीत चकलीची भाजणी अडकून मोटार जळाली होती. डब्यात तीच भाजणी. काकांनी त्याला ओळखलं. डबा हातात न घेता ते म्हणाले, "आदी भिंत वाचा."

गुंडानं वाचलं. स्वतःची सही ओळखली. कानाची पाळी धरून म्हणाला, "चुकलं, फौजी. काय शिक्षा?"

शिक्षेचा विचार काकांनी केलाच नव्हता. पाच वर्षं त्यांनी नुसती वाट बघितली होती. पण गिरणीच्या मागच्या दारात राहीबाई तिच्या माहेरच्या दगडी जात्यावर लाडवाची डाळ भरडत बसली होती. गिरणी घरची असली तरी लाडवाची डाळ ती जात्यावरच काढते. ती हात झटकत उठली. "माजे खांदे भरून आल्यात. बसा हितं."

गुंडा मगदूम दोन तास जातं ओढत बसला. राहीबाई मधून मधून पीठ चिमटीत घेऊन बघायची आणि म्हणायची, "जाडं हाय. परत घाला." गाव जमा झालं. त्या दिवशी नियम ठरला. भविष्य चुकलं तर सांगणाऱ्यानं दोन किलो ज्वारी जात्यावर दळायची. खरं ठरलं तर त्याचं वर्षभराचं दळण फुकट. पीठ बारीक की जाडं हे राहीबाई ठरवणार, आणि तिच्यावर अपील नाही.

एक मात्र सांगायला हवं. आज आमच्या गावात निम्म्या घरांत घरघंटी आहे. काका ते लपवत नाहीत. "गुंडा चुकला न्हाई," ते म्हणतात, "त्याचं घड्याळ चुकलं. पर घड्याळ चुकल्यालं मानूस गाडी पकडत न्हाई."

मग भिंत भरत गेली. सोसायटीचे सचिव भाऊसो यांनी पेपरात वाचून लिहिलं, की १ जानेवारी २००० ला जगातली सगळी यंत्रं आकड्यांच्या घोळानं बंद पडणार. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. आदल्या दिवशी त्यांनी घरातले हंडे, कळश्या, पातेली, जेवणाचे डबे आणि शेवटी दोन गमबूट पाण्यानं भरून ठेवले. सकाळी सात वाजता गिरणी नेहमीसारखी सुरू झाली. भाऊसोंनी नव्या शतकाची पहिली सकाळ जात्यावर काढली. गमबुटातलं पाणी ते विसरले आणि घरी जाऊन ते पायात घातले, ते वेगळं.

कुणी लिहिलं, २०१० पर्यंत जेवणाच्या गोळ्या येणार आणि भाकरी बंद होणार. कुणी लिहिलं, उसाच्या चिपाडावर मोटारसायकल पळणार. एकानं लिहिलं, रंगीत टीव्हीचे रंग चार वर्षांत धुऊन जाणार. सगळे जात्यावर बसले.

आणि काका स्वतः. २००३ साली, त्यांच्याच अक्षरात: "मोबाईल हे पोरांचे खूळ आहे. २००६ च्या पाडव्यापर्यंत संपेल." त्या वेळी ते सगळ्यांना विचारायचे, बोलायचं असलं तर माणूस दारात येईल की, खिशात घेऊन कशाला हिंडायचं? २००६ च्या पाडव्याला गुढी उभी करून काका आत वळले, तर राहीबाई जात्याजवळ पाट मांडून तयार होती. तिच्या कानाला मोबाईल होता. बहिणीशी बोलता बोलता तिनं काकांना बोटानं बसायची खूण केली आणि पलीकडं सांगितलं, "थांब गं, खूळ दळायला घेतलंय." काकांनी दोन किलो ज्वारी दळली. राहीबाईनं तीनदा परत घालायला लावलं. नवऱ्याला सवलत नाही.

त्यानंतर काका थोडे मऊ झाले. "येनार म्हननारं बी चुकतंय, आन् येनार न्हाई म्हननारं बी चुकतंय," ते म्हणायचे. "मग बरोबर कोन येतंय?"

त्याचं उत्तर आमच्या धनाजी न्हाव्यानं दिलं. २००९ साली त्यानं लिहिलं होतं, की माणूस फोननं स्वतःच्याच तोंडाचे फोटो काढत बसेल, दुसऱ्याचे काढायचे बंद करेल, २०१५ च्या आत. लोक हसले. स्वतःचं तोंड स्वतः कोण काढणार? २०१४ च्या गणपतीत मंडळाच्या पोरांनी गणपतीकडं पाठ करून आपापले फोटो काढले आणि काकांनी तिथंच धनाजीच्या गळ्यात हार घातला. आजवर भिंतीवर धड जिंकलेला तो एकटाच.

मी त्याला विचारलं, "धनाजी, तुला हे कळलं कसं?"

तो म्हणाला, "बाई, मला मशनीतलं काय बी कळत न्हाई. पर आरशापुढचा मानूस मी तीस वर्सं बगतोय."

माझंही ऐका. २०२० साली, शाळा बंद असताना, मी विज्ञानाची बाई म्हणून मोठ्या विश्वासानं लिहिलं: "तीन वर्षांत शाळा घरूनच चालतील. वर्ग, खडू, घंटा काही राहणार नाही." २०२३ च्या जूनमध्ये मी जात्यावर बसले तेव्हा शाळेची घंटा स्पष्ट ऐकू येत होती. पुढचे चार दिवस हजेरी मी डाव्या हातानं मांडली.

आता विश्वजीतचं. हा भाऊसोंचा मुलगा, पुण्याला असतो. त्याचा धंदाच उद्याचं सांगण्याचा. कंपन्या त्याला बोलावतात, तो पडद्यावर चित्रं दाखवतो आणि पुढच्या दहा वर्षांत काय होणार ते सांगतो. भाऊसो अभिमानानं म्हणायचे, आमच्या घराण्यातच आहे ते. गमबुटांची आठवण कुणी काढत नसे.

२६ जानेवारी २०२४ ला आम्ही त्याला शाळेत भाषणाला बोलावलं. कानावर अडकवायचा माइक लावून तो पटांगणात येरझारा घालत बोलला. उद्याच्या गावात ऊस तोडायला यंत्रमानव असेल. रानाला पाणी कधी द्यायचं ते रानच ठरवेल. म्हशीच्या गळ्यातला पट्टा डेअरीला परस्पर कळवेल, की आज दूध किती येणार.

बायकांच्या रांगेतून राहीबाई म्हणाली, "आन् म्हशीला कळवनार कोन?"

हशा पिकला. तेवढ्यात नानासोकाका उठले. पोरांना ठाऊक होतं काय होणार ते, सगळी शाळा एका सुरात ओरडली, "कवाऽऽ?"

विश्वजीत हसून म्हणाला, "काका, २०३५ पर्यंत."

"२०३५ ला मी ऐंशीचा. असलो तर असलो. लांबचं सांगाया काय जातंय, गड्या? जवळचं सांग. मला बगता येईल असलं."

विश्वजीत घुमटवाडीचाच पोरगा. सगळ्या गावासमोर मागं कसा हटणार? त्यानं छाती पुढं काढली. "ठीक आहे. येत्या नागपंचमीच्या आत आमच्या घरून तुमच्या गिरणीत ड्रोननं दळण येईल. पाच किलो."

ध्वजवंदनाचे लाडू वाटायच्या आधी सगळे गिरणीत गेले आणि विश्वजीतनं सही केली. इंग्रजीत, लांबलचक शेपटीची.

नागपंचमी नऊ ऑगस्टला होती. पंचमीला आमच्याकडं चिरत नाहीत, भाजत नाहीत, दळतही नाहीत. गिरणी बंद असते. म्हणून आदल्या दिवशीचा गुरुवार ठरला. तीन दिवस झोडपून पावसानं त्या सकाळी उघडीप दिली. ड्रोन घेऊन वाळव्याकडची समीक्षा आली होती. ही बावीस-तेवीस वर्षांची पोरगी उसावर ड्रोननं औषध फवारते आणि तिला आठवडाभर सवड नसते. तिनं टाकी काढून खाली दोरीनं गोणपाटाची पिशवी बांधायला घेतली. विश्वजीत म्हणाला, ती नको. त्यानं पुण्याहून खास पिशवी शिवून आणली होती. चकचकीत पांढरी, खाली चेन, आणि वर मोठ्या अक्षरांत छापलेलं: "उद्या, आजच!"

"सर, चेन खाली कशापायी?" समीक्षानं विचारलं.

"पोचल्यावर चेन उघडली की दळण आपोआप चक्कीत. हात लावायला नको."

"पर वर गेल्यावर ह्ये लय थरथरतंय. चेन सरकंल."

"सरकणार नाही. मी बघितलंय."

"कवा बगितलंय?"

विश्वजीतला हा शब्द आता सहन होत नव्हता. तो म्हणाला, "उडवा."

ड्रोन उडाला. भाऊसोंच्या अंगणातून वर चढला, पिशवी झोकात लोंबत होती, पोरं टाळ्या वाजवत खालून पळत होती. मारुतीच्या कळसाएवढी उंची गाठेपर्यंत सगळं छान झालं. मग चेन बोटभर सरकली.

आधी कुणाला कळलंच नाही. मी शाळेत होते. पत्र्यावर ताडताड आवाज झाला आणि सातवीची पोरं ओरडली, "गारा!" ती गोळा करायला धावली आणि ज्वारी घेऊन परत आली. धनाजी दुकानाबाहेर एकाची दाढी करत होता; त्या माणसाच्या साबण लावलेल्या गालावर ज्वारी चिकटली आणि ती काढायची की आधी दाढी पुरी करायची, यावर दोघांचं वाजलं. पण खरी गंमत कोंबड्यांची झाली. भाऊसोंच्या दारापासून ज्वारीची एक बारीक रेघ गावभर पडत चालली होती आणि त्या रेघेवरून कोंबड्या निघाल्या. आधी भाऊसोंच्या चार. वळणावर आणखी नऊ आल्या. देवळापाशी अंबूबाईंचा तुरेवाला कोंबडा पुढं झाला. दुकानापाशी दोन शेळ्या आणि एक कुत्रं मिळालं. कुत्रं ज्वारी खात नाही, पण सगळे कुठं चालले आहेत हे त्याला बघायचं असावं.

दहा वाजून बारा मिनिटांनी ड्रोन गिरणीच्या अंगणात अलगद उतरला. समीक्षाचा हात सरावाचा होता, त्यात खोट नव्हती. पाठोपाठ मिरवणूक आली. विश्वजीत धापा टाकत पोचला तेव्हा तुरेवाला कोंबडा "उद्या, आजच!" या अक्षरांवर चढून बसला होता.

पिशवीत दीड मूठ ज्वारी उरली होती.

भांडण सुरू झालं. विश्वजीतचं म्हणणं, ड्रोन वेळेत आला, भविष्य खरं. काकांचं म्हणणं, भिंतीवर दळण लिहिलंय, नुसता ड्रोन नाही. विश्वजीत म्हणाला, चूक यंत्राची नाही, चेनीची. धनाजी म्हणाला, चेनीला यंत्र म्हणायचं का हे आधी ठरवा. भाऊसो म्हणाले, कोंबड्या आमच्या, खाल्लेली ज्वारी घरातच गेली, म्हणजे ती पोचली असं धरावं. त्यावर राहीबाई उठली. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात. तिच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. तिला वादात गोडी नव्हती.

तिनं दीड मूठ ज्वारी ओंजळीत घेतली आणि सगळ्यांना दाखवली. "एवडं पोचलं. एवडं खरं. ह्ये गिरनीत फुकट दळून मिळंल. बाकीचं पोचलं न्हाई, ते जात्यावर. बसायचं परवा, उद्या पंचमी हाय, जात्याला हात लावायचा न्हाई."

काकांनी एवढीशी ज्वारी टाकून अख्खी चक्की सुरू केली. बाहेर आलं ते पीठ पट्ट्यानंच उडवलं असावं, कारण खाली काहीच पडलं नाही.

मग काका ब्रश घेऊन समीक्षापाशी गेले. "पोरी, तुजं बरोबर आलं. तू लिव एक."

"न्हाई काका. दहा वर्सांचं मला म्हाईत न्हाई. उद्याचं इचारा."

"बरं, उद्याचं सांग."

"उद्या मी झोका खेळनार. सोमवारी खोतांच्या उसावर फवारनी. पाऊस आला तर मंगळवारी." ड्रोन गाडीत घालून ती गेली सुद्धा.

शनिवारी सकाळी विश्वजीत जात्यावर बसला. नेमकी त्याच वेळी त्याची बेंगळुरूच्या लोकांबरोबर फोनवरची बैठक होती. पाच वर्षांनी शेती कशी असेल, यावरच. त्यानं फोन समोरच्या डब्याला टेकवून ठेवला, कॅमेरा फक्त तोंड दिसेल असा लावला आणि खालून उजव्या हातानं जातं ओढत राहिला. तोंडानं तो सांगत होता, की लवकरच मानवी श्रम संपुष्टात येतील. घर्रर्र, घर्रर्र.

पलीकडून कुणीतरी विचारलं, मागं आवाज कसला येतोय?

"धान्य प्रक्रिया केंद्रात आलोय," विश्वजीत म्हणाला. "प्रत्यक्ष पाहणी."

तेवढ्यात राहीबाई आली, तिनं पीठ चिमटीत घेतलं आणि थेट फोनसमोर धरून म्हणाली, "ह्ये काय पीठ म्हनायचं व्हय? म्हशीला घाला! परत दळ!"

पलीकडच्या एका बाईनं ते केंद्र कुठं आहे आणि बघायला येता येईल का, असं विचारलं, असं भाऊसो सांगतात. विश्वजीत त्याबद्दल बोलत नाही. त्याच्या हाताला तीन फोड आले. आता मात्र तो भाषणात दर भविष्यापुढं "माझ्या अंदाजानं" म्हणतो, आणि म्हणून त्याला बोलावणी थोडी कमी येतात.

त्याच दिवाळीत मी काकांना माझ्या फोनमधला बोलणारा सहायक दाखवला. काकांनी त्याला विचारलं, गिरण्या कधी बंद पडणार? त्यानं दहा वर्षं सांगितली. काकांनी संध्याकाळी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, बंद पडणार नाहीत, वाढतील. तिसऱ्यांदा जरा दरडावून विचारलं, तर त्यानं माफी मागितली. काका ब्रश घेऊन तयार होते, पण सही कुणाची घ्यायची? राहीबाईनं फोन उलटासुलटा करून बघितला. "ह्याला हातच न्हाईत. जातं कोन वडनार?" त्याचं भविष्य लिहिलं गेलं नाही.

त्या हिवाळ्यात काकांना भिंतीवरचं वाचता येईना. डब्यांवरची नावं चुकू लागली. माझी ज्वारी एकदा खोतांकडं गेली आणि त्यांचे गहू माझ्याकडं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साताऱ्याच्या एका दवाखान्यात दाखवायचं ठरलं. माझी बहीण तिथंच राहते, म्हणून मीही बरोबर गेले.

डॉक्टरबाई तरुण होती. ती म्हणाली, "आधी एकाच डोळ्याचं करू. मशीननं बारीक छेद देऊन नवीन भिंग बसवू. आठव्या दिवशी तुम्ही माझ्यामागचं कॅलेंडर वाचाल."

राहीबाईनं कपाळाला हात लावला, कारण काका खुर्चीतच ताठ झाले होते. "आन् न्हाई वाचलं तर?"

डॉक्टरबाई चिडली नाही. "डोळा चोळला, पाणी जाऊ दिलं, थेंब चुकवले, तर नाही वाचणार. सगळं नीट केलं तरी शंभरात एक-दोघांना त्रास होतो. तुम्हाला झाला तर मी इथंच आहे, परत बघीन."

काका बाहेर बाकावर येऊन बसले. आज बोटांची टकटक नव्हती. मग मला म्हणाले, "बाई, ही पयली भेटली. कवा ते सांगितलं, कशानं चुकंल ते सांगितलं, आन् चुकलं तर हितंच हाय म्हनली. आपल्या भिंतीवर एकानं तरी असं लिवलंय का?"

लिहिलं नव्हतं. मीही नव्हतं.

ऑपरेशननंतर आठ दिवस काकांनी वाचणं बंद ठेवलं आणि थेंब घड्याळ लावून घातले. डोळ्याकडं हात जाईल म्हणून झोपताना राहीबाईच्या पदराला मनगट बांधून घेतलं. आठव्या दिवशी डॉक्टरबाईनं त्यांचा दुसरा डोळा झाकला आणि काकांनी नव्या भिंगानं कॅलेंडर वाचलं. तारीख, तिथी, वार, सण, आणि अगदी खाली मुंगीएवढ्या अक्षरातला सांगलीच्या छापखान्याचा पत्ता, पिनकोडसकट. डॉक्टरबाई म्हणाली, पुरे. काकांनी मग मान वळवून राहीबाईकडं बघितलं.

"तुज्या कपाळावर त्यो डाग कसला?"

"गोंदन हाय त्ये," राहीबाई म्हणाली. "लगीन व्हायच्या आदीपासनं हाय."

परतीच्या एस.टी.त काकांना खिडकी मिळाली. सातारा सुटल्यापासून त्यांनी रस्त्यावरची एकूण एक पाटी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पंक्चर काढून मिळेल. शुद्ध शाकाहारी. भाड्याने देणे आहे. येथे थुंकू नये. कऱ्हाडपर्यंत गाडीतल्या लोकांनी सहन केलं. पेठनाक्याच्या अलीकडं मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "आवं आजोबा, आमाला बी वाचता येतंय की."

राहीबाईनं वळूनही बघितलं नाही. "वाचू द्या त्येनला," ती म्हणाली. "दुसरा डोळा म्होरल्या महिन्यात हाय, तवा परत आट दिस गप बसायचंय."